आमची वाटचाल : दशमांश, पगार आणि हिशेबाची वही

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या इंडस्ट्रियल इमारतीत, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. छोट्या कारखानदारांचे हिशेब, जीएसटी, इन्कम टॅक्सची रिटर्न्स आणि म्युच्युअल फंडांचं वितरण एवढा आमचा व्याप. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली याच भागातून झाली. माझे वडील नेवासा तालुक्यातून इथल्या एका कंपनीत हेल्पर म्हणून आले आणि इथलेच झाले. मी बी.कॉम. करून नौपाड्यात एका सीएंकडे नोकरी केली आणि २००६ साली स्वतःचं टेबल मांडलं. आता धाकटा भाऊ आणि दोन मुली सोबतीला आहेत. ऑडिटचं काम आम्ही सीएंकडे पाठवतो, ते आमचं नाही.

आमचे निम्म्याहून जास्त ग्राहक ख्रिस्ती मंडळीतले आहेत, आणि आमच्या कामाला वळण लागलं ते त्यांच्यामुळे. मंडळीतला माणूस येतो तो आधीच विश्वास टाकून येतो. 'ताई, तुम्ही सांगाल तिथे सही करतो' म्हणतो आणि कागद न वाचता सही करतो. हा विश्वास आम्ही कमावलेला नसतो, तो मंडळीचा असतो, त्यामुळे तो जास्त जपावा लागतो. म्हणून सुरुवातीपासून दोन नियम पाळले. चर्चच्या आवारात धंद्याचं बोलायचं नाही. रविवारी उपासनेनंतर कुणी फंडाचं विचारलं तर 'सोमवारी ऑफिसला या' एवढंच उत्तर. आणि आम्हाला कमिशन मिळतं हे पहिल्याच भेटीत सांगायचं. आम्ही वितरक आहोत, सेबीकडे (शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेले सल्लागार नाही. आमच्यामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनमधून फंड कंपनी आम्हाला दरवर्षी कमिशन देते, आणि ते शेवटी तुमच्याच पैशातून जातं. २०१३ पासून कमिशनशिवायचे डायरेक्ट प्लॅनही मिळतात. हे ऐकून काहीजण डायरेक्टकडे गेले. जाऊ देत, त्यांना जमत असेल तर चांगलंच आहे.

या नियमांची परीक्षा झाली ती एका स्कीममुळे. महिना तीन टक्के परतावा म्हणून ती मंडळीत फिरू लागली. आणणारा आपलाच, प्रार्थनासभेत साक्ष देणारा. आमच्या ग्राहकांची यादी आणि आमचा शब्द त्याला हवा होता. मी नोंदणीचा कागद मागितला, तो आला नाही. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, बेकायदा ठेवयोजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ साली आला. पण प्रार्थनेत शेजारी बसणाऱ्या माणसाला कायदा विचारणं लोकांना पाप वाटतं. आम्ही नाही म्हटलं, तेव्हा 'तुमचा विश्वास कमी पडला' असं तोंडावर ऐकवलं गेलं आणि काही घरांनी फाइली उचलून नेल्या. पुढे हप्ते थांबले. त्यातली बरीच घरं परत आली. त्यांच्या तक्रारीची कागदपत्रं आम्ही लावून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते दशमांशाचे, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्याचे. हातात येणाऱ्या पगारावर द्यायचा की कापून जायच्या आधीच्या? त्याचं उत्तर आम्ही देत नाही, ते ज्याचं त्याने देवापुढे ठरवावं. पण धंदेवाल्यांच्या बाबतीत बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमचे एक फॅब्रिकेशनवाले काका. ग्रिल, शेड, गेट बनवतात, हाताखाली चार पोरं. कितीही तंगी असो, प्रत्येक बिलाचा दहावा हिस्सा वेगळ्या लखोट्यात ठेवायचे. अत्यंत सचोटीचा माणूस. तरीही दर तिमाहीला जीएसटी भरायला उसनवारी आणि पोरांचे पगार लांबलेले. एक दिवस त्यांचं एकच बिल टेबलावर ठेवून मांडलं. बिल १,१८,००० रुपयांचं. त्यातले १८,००० जीएसटीचे, ते त्यांचे कधीच नव्हते. लोखंड, वेल्डिंग रॉड, रंग मिळून ६२,०००. मजुरी, गाळ्याचं भाडं, लाइट बिल, टेम्पो मिळून २३,०००. हातात उरले १५,०००. आणि लखोट्यात गेले होते ११,८००.

काका म्हणाले, "ताई, देवाला कमी द्यायला सांगता?"

मी विचारलं, "शनिवारी पोरांचा पगार गेला का?"

"अर्धा गेला."

मग पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. त्यातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन त्यांना पाठ होतं, ज्यात सगळा दशमांश भांडारात आणायला सांगितलं आहे. त्याच अध्यायाचं पाचवं वचन त्यांनी मोठ्याने वाचलं. मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध परमेश्वर स्वतः साक्ष देईल, असं तिथे आहे. दोन्ही एकाच पानावर. बायबलमधलंच लेवीय हे पुस्तक तर मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवून घेऊ देत नाही. काका बराच वेळ पान उघडं ठेवून बसले.

आम्ही त्यांची दोन बँक खाती उघडून घेतली. जीएसटीचा पैसा आला की त्याच दिवशी एका खात्यात, पगाराचा दुसऱ्यात. खर्च वजा जाऊन जे उरेल त्याचा दहावा हिस्सा दशमांश. लखोटा हलका झाला, पण पगार शनिवारी होऊ लागला. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तेव्हा गावाकडून आलेल्या भोपळ्यावर काका आता मोकळ्या मनाने बोली लावतात, कारण तो पैसा खरंच त्यांचा असतो.

नोकरदारांकडे दुखणं वेगळं. रबाळ्याच्या कंपनीत काम करणाऱ्या एका जोडप्याच्या क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेले होते, महिना साडेतीन टक्क्याने. म्हणजे महिन्याला २,१०० नुसतं व्याज. आणि बँकेत एक लाखाची एफडी साडेसहा टक्क्याने, ती महिन्याला जेमतेम ५४० देणारी. नवऱ्याचा हट्ट होता की दशमांश थांबणार नाही, बायको म्हणत होती आधी कार्ड. दोघांचंही खरं होतं. एफडी मोडून कार्ड फेडलं, वाद मिटला. देवाला द्यायचे पैसे आणि सावकाराला जाणारे पैसे एकाच पगारातून निघतात, हे कागदावर दिसलं की घरातला आवाज खाली येतो.

देणग्यांवरच्या टॅक्स सवलतीबद्दल गैरसमज फार. चर्चमधल्या अर्पणावर ८०जी ची वजावट मिळेल असं लोक धरून चालतात. एकाच धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थेला ती सहसा नसते. सर्वांसाठी चालणाऱ्या नोंदणीकृत अनाथालयाला, दवाखान्याला दिलं तर मिळते, पण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर नाही, आणि नव्या करप्रणालीत तर नाहीच. खोट्या पावतीवर रिफंड काढून देणारे बाजारात आहेत. ते काम आमच्याकडे मागू नका. येशूने जकातदार जक्कयच्या घरी पाहुणचार घेतला, तेव्हा जक्कयने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. टॅक्सचं काम करणारी मी, मला ती गोष्ट आपल्या धंद्याची वाटते.

मलाखीच्या त्याच वचनात विधवांचं नाव आहे, आणि गेल्या काही वर्षांत आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. आमचा एक तरुण ग्राहक अचानक वारला. मूलबाळ नाही, वडील आधीच गेलेले. फंडांवर नॉमिनी आई, लग्नाआधी लावलेली, कधी बदललीच नाही. आईला वाटलं सगळं आपलं, बायकोला वाटलं सगळं आपलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना समान. या घरात मुलं नसल्यामुळे अर्धं बायकोचं, उरलेलं अर्धं आई आणि बहिणीत समान. तिघींना समोर बसवून हे समजावलं, मग रडणं झालं, मग सह्या झाल्या.

शेजारच्या दुकानदाराची एचयूएफ (टॅक्ससाठी वेगळं धरलं जाणारं हिंदू अविभक्त कुटुंब) आहे, आमचीही काढा, असं सांगणारे येतात. ख्रिस्ती कुटुंबाला ती सोय कायद्यात नाही. उलट मृत्युपत्राची गरज आपल्याला जास्त आहे, आणि ते करताना एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: ख्रिस्ती माणसाने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झालं की आपोआप रद्द होतं. जवळचे नातेवाईक असताना मृत्युपत्राने धर्मादाय संस्थेला काही ठेवण्यावर ख्रिस्ती लोकांना पूर्वी जाचक अटी होत्या, त्या २००३ साली सुप्रीम कोर्टाने काढून टाकल्या. म्हणून चर्चला किंवा वसतिगृहाला काही ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, फक्त घरच्यांना हयातीत सांगून ठेवा.

आता चर्चच्या पाळकसाहेबांनी लग्नाआधीच्या मार्गदर्शन वर्गात एक तास आम्हाला दिला आहे. तिथे आम्ही आमचं कार्ड वाटत नाही. दोघांनी आपापली कर्जं, ईएमआय आणि गावी पाठवायचे पैसे कागदावर लिहून एकमेकांच्या हातात द्यायचे, आणि दशमांश किती हे दोघांनी मिळून ठरवायचं, एवढंच करून घेतो. नॉमिनी बदलायचे फॉर्म मात्र भाऊ सोबत घेऊन जातो, ते लग्नानंतरच्या आठवड्यात भरून आणायचे.