रुमाल टाकला होता

टेबल रिकामं होतं, खुर्च्या रिकाम्या होत्या आणि टिश्यूचं एक छोटं पाकीट कुणीतरी वर विसरून गेलं होतं. सिंगापूरच्या साडेबाराच्या उकाड्यात मला ते देवानेच ठेवल्यासारखं वाटलं. मी बसलो, पाकीट फोडलं, एका टिश्यूने कपाळ पुसलं, दुसऱ्याने मान. तिसरा काढतोय तोच फिश सूपचा ट्रे धरलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही. आधी पाकिटाकडे बघितलं, मग माझ्या मानेकडे.

मागून आमचा तिथला सहकारी आला आणि हसत सुटला. याला म्हणे ‘चोप’ करणं म्हणतात. टेबलावर पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. छत्री चालते, ऑफिसचं ओळखपत्र चालतं, पण राजमान्य वस्तू टिश्यू. या हॉकर सेंटरांच्या, म्हणजे एका छपराखाली भरलेल्या खाण्याच्या स्टॉलांच्या, खाद्यसंस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. ती कुणी चोप केली होती कोण जाणे.

मी ओशाळलो, पण जास्त चरफडलो ते स्वतःवर. ज्याचं बालपण कराडच्या एसटी स्टँडवर गेलं, त्याला हे कळू नये?

मे महिन्यात आजोळी विट्याला निघायचं, की गाडी फलाटाला लागायच्या आत बाबा तिच्या बाजूने पळायला लागत. खिडकीतून हात आत, रुमाल सीटवर, आणि मग दाराशी रेटारेटी. रुमालाच्या कोपऱ्यात आईने निळ्या दोऱ्याने बाबांचं नाव भरलेलं असे. भांडण झालंच तर पुरावा. भांडण व्हायचंच. “रुमाल टाकलाय!” “रुमालानं तिकीट काढलंय काय?” एकदा रुमाल टाकून झाला आणि कंडक्टरने पाटी बदलली. गाडी एकाएकी चिपळूणची झाली. दाराशी गर्दी अशी, की बाबांना आत शिरता येईना. आम्ही पुढच्या गाडीने विट्याला गेलो, उभ्याने. आई म्हणाली, “रुमाल तरी बसून गेला.”

तर त्या आठवड्यात मी रोज अमॉय स्ट्रीटच्या सेंटरात पाकीट टाकायला शिकलो. चौघांच्या टेबलावर एकीचं नासी पादांग (भात आणि कालवणं), एकाचे डुकराच्या मांसाचे नूडल्स, एकाचा डोसा (तिथे ‘तोसै’) आणि माझा लाक्सा, म्हणजे नूडल्सचं तिखट सूप, ज्यातल्या नारळाच्या दुधाने मला पहिल्याच घासाला घरचं करून टाकलं. कोपी, म्हणजे तिथली कॉफी, मात्र जमेना. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की तळाशी कंडेन्स्ड मिल्क. ‘कोपी ओ’ म्हटलं की काळी, पण साखरेची. साखर नको असेल तर पुढे ‘कोसोंग’ लावायचं. ऐन वेळी तो कोसोंगच आठवत नसे, आणि मी गोड मानून घेत असे. जेवण झालं की ट्रे आपणच उचलायचा, नाहीतर २०२१ पासून दंडाचा नियम आहे. ट्रे ठेवायच्या जागाही दोन, हलालची वेगळी आणि बाकीची वेगळी. आमच्या आजीचं सोवळंही असंच कडक होतं. फक्त तिच्याकडे टेबल एक नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला एकटाच गेलो. प्रता, म्हणजे तिथला पराठा, घेतला. सोबत डाळीची आमटी. पहिला तुकडा मोडतोय तोच एक आजी टिश्यूची पाकिटं विकत आल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात, पाय ओढत चालत होत्या. दोन डॉलर दिले. त्यांनी तीन पाकिटं माझ्यासमोर नीट ओळीत ठेवली आणि शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथून पुढच्या. मग पुढच्या. माझा प्रता संपेपर्यंत त्या एकदाही कुठे टेकल्या नाहीत.

दुसऱ्या फेरीत त्या माझ्याकडे येताना दिसल्या, तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. एक पाकीट उचलून मी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. त्यांनी ते बघितलं आणि चोप झालेल्या खुर्चीला वळसा घालून त्या पुढे गेल्या.