कोफाच्या डोंगरात, दर वीस मिनिटांनी

डिसेंबरातले सहा दिवस मी एका माणसाला दर वीस मिनिटांनी एकच शब्द सांगत होतो: "उचल."

तो माणूस माझा शेजारी. फिनिक्सच्या उपनगरात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. नाव लिहायला त्याने मना केलंय, म्हणून इथे त्याला शेजारबुवा म्हणतो. वीसेक वर्षांपूर्वी छपराच्या कामावर असताना तो खाली पडला, तेव्हापासून कमरेखाली काही जाणवत नाही. असा माणूस एकाच जागी बसून राहिला की खालच्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. तिला भरायला महिने लागतात. म्हणून दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून अधूनमधून अंग उचलून धरायचं. घरी त्याला ती सवयच आहे. दुर्बिणीमागे बसला की मात्र विसरतो. त्यामुळे माझा फोन दर वीस मिनिटांनी थरथरायचा आणि मी म्हणायचो, "उचल."

खरं सांगायचं तर मी निघालो होतो वेगळ्याच तोऱ्यात. त्याला वाळवंटी बिगहॉर्न या रानमेंढ्याच्या शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, लागला. अ‍ॅरिझोनात हा मेंढा आयुष्यात एकदाच मारता येतो, आणि त्यासाठी दरवर्षी सोडत निघते. अर्ज फसला की एक बोनस पॉइंट. वीस टक्के टॅग आधी सर्वांत जास्त पॉइंट असलेल्यांमध्ये वाटतात, बाकीच्यांचं नशीब. बुवांनी पडण्याच्या आधीपासून अर्ज भरले होते. निकाल लागला त्या संध्याकाळी खुर्ची ढकलत माझ्या दारात आला आणि विचारलं, "तू त्या तुझ्या डोंगरांच्या गोष्टी सांगतोस, त्या खऱ्या आहेत ना?" नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढल्याची गोष्ट मी त्याला निदान दहादा ऐकवली असेल. आता माघार कशी घेणार?

घरी मात्र पंचाईत. आमच्यात आई माळकरी. आजोबा कोल्हापूरचे, काळविटांमागे चित्ते सोडणाऱ्या संस्थानी चित्तेवानांच्या गोष्टी सांगायचे खरे, पण 1972 च्या कायद्यानंतर आपल्याकडे तो विषयच संपला. आईला फोनवर सांगितलं, "डोंगरात मेंढ्या बघायला चाललोय." हे खोटं नव्हतं.

आय-10 महामार्गाने पश्चिमेला साधारण दोनशे किलोमीटर गेलं की क्वार्ट्झसाइट लागतं. इथल्या स्मशानभूमीत दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर पत्र्याचा उंट. खाली हाजी अली झोपलाय. अमेरिकी सैन्याने वाळवंटात उंट वापरून बघायचं ठरवलं, तेव्हा 1856 मध्ये उंटांबरोबर आलेला हा माणूस. इंग्रजी जिभांनी त्याचा 'हाय जॉली' केला. प्रयोग बारगळला, तो मात्र 1902 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. पाच मिनिटं थांबलो. आपलं नाव इथल्या कॉफीच्या कपावर कसं लिहिलं जातं, ते आठवलं.

तिथून 95 नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला वळलं की डावीकडे कोफाचे डोंगर उभे राहतात. कुणीतरी ढाक बहिरीचा कडा उचलून, त्यावरचं सगळं हिरवं खरवडून, वाळवंटात आणून ठेवल्यासारखे. 'कोफा' हे कुठल्या आदिवासी भाषेतलं नाव असेल असं मला वाटत होतं. निघालं 'किंग ऑफ अ‍ॅरिझोना' या जुन्या सोन्याच्या खाणीचं आखूड रूप! 1930 च्या दशकात फ्रेडरिक बर्नहॅम नावाच्या जुन्या लष्करी टेहळ्याने रानमेंढे वाचवायचं मनावर घेतलं, अ‍ॅरिझोनाच्या बॉय स्काउटांनी शाळाशाळांतून मोहीम चालवली, आणि 1939 मध्ये हे अभयारण्य झालं. अभयारण्यात शिकार कशी, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर पुढे आठवडाभर तुकड्यातुकड्यांत मिळत गेलं.

आमची टोळी तिघांची: बुवा, त्याचा पुतण्या आणि मी. बुवांकडे वन्यजीव खात्याचा आणखी एक परवाना होता, अपंग शिकाऱ्यांसाठीचा. त्याच्या इंग्रजी अद्याक्षरांचा शब्द होतो 'चॅम्प'. "मी काय जिंकलोय ते कुणी सांगेल का?" असं तो प्रत्येकाला विचारतो. या परवान्यावर थांबलेल्या, इंजिन बंद असलेल्या गाडीतून बंदूक चालवता येते आणि जखमी जनावराच्या मागावर मदतनीस पाठवता येतो. तो मदतनीस पुतण्या. मी निव्वळ हमाल.

पण कोफाचा बराचसा भाग कायद्याने वन्य ठेवलेला आहे. गाडी मोजक्या कच्च्या रस्त्यांवरच. आत सायकलसुद्धा चालत नाही. चालते ती चाकांची खुर्ची. कोफाला हे संरक्षण देणारा कायदा आणि रानात खुर्चीला मुभा देणारा अपंगांच्या हक्कांचा कायदा, दोन्ही 1990 चे. आता कागदावर मुभा असली तरी कोरड्या ओढ्यातल्या वाळूला ते कोण सांगणार? पुढची चाकं बोटभर रुतली की खुर्ची हटून बसलेल्या बैलासारखी जागची हलत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी माझी योजना मांडली. दोन बांबू, मधे कापड, पुढे पुतण्या, मागे मी. रायगडावर रोपवे येण्याआधी म्हातारी माणसं डोलीतून जायची, गिरनारला अजून जातात. मी फोनवर फोटोही दाखवले. बुवांनी ते नीट बघितले आणि फोन परत दिला.

"उत्तम. मेंढा मेला की त्याला यात घालून आण."

विषय संपला. दुसऱ्या दिवशी कळलं की आम्हाला डोंगर चढायचाच नव्हता. बुवांनी उन्हाळाभर नकाशे बघून रस्त्यालगतच्या सात जागा काढून ठेवल्या होत्या. तिथे बसल्या बसल्या समोरचा कडा, त्याखालचा घसारा आणि दोन सोंडांमधली खिंड दिसते. तिवईवर मोठी दुर्बीण लावायची आणि बसायचं. मेंढा आपण होऊन खाली आला तर आला.

पहिले दोन दिवस मला दगडांशिवाय काही दिसलं नाही. बुवांना तासाभरात तीन माद्या आणि एक पिल्लू दिसलं. "प्राणी शोधू नकोस," तो म्हणाला. "जिथे पांढरं असायला नको तिथे पांढरं शोध." या जनावराचा पार्श्वभाग पांढरा असतो, बाकी अंग थेट कातळाच्या रंगाचं. एकदा नजर बसली आणि मग मलाही दिसायला लागले. सरळसोट कड्यावर, जिथे आपण दोर लावूनही दहादा विचार करू, तिथे ते रवंथ करत उभे.

पाण्याचं गणित मला चटकन कळलं. इथे कातळातल्या नैसर्गिक खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, त्यांना 'तिनाहा' म्हणतात. आपल्या गडांवरची टाकी, फक्त कुणी न खोदलेली. त्यांवरच इथलं सगळं जगतं. उन्हाळ्यात ती आटली की पाणवठ्यांवर ट्रकने पाणी आणून ओततात. कोफात 2000 साली आठशेच्या आसपास असलेले मेंढे 2006 मध्ये चारशेच्या खाली आले होते. कुणी दुष्काळाला दोष दिला, कुणी डोंगरी सिंहाला, म्हणजे प्यूमाला. पाळीव शेळ्यामेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया ही पश्चिमेतल्या सगळ्याच रानमेंढ्यांची टांगती तलवार. आणि या सांभाळाच्या पैशाचा मोठा वाटा शिकाऱ्यांच्या खिशातून येतो. बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर 1937 च्या कायद्याने याच कामासाठी राखून ठेवलाय, शिवाय टॅगची फी आणि एखाददुसऱ्या टॅगचा लिलाव. हिशेब मला पटला. मनाला पटला असं नाही म्हणणार.

संध्याकाळचं काम वेगळंच. इथे चोया नावाचं निवडुंग आहे, नुसता स्पर्श झाला तरी त्याचा अख्खा गोळा अंगाला चिकटतो. बुवांना पायात काटा गेलेला कळत नाही. म्हणून रोज रात्री तंबूत बॅटरी लावून त्याचे दोन्ही पाय टाचेपासून मांडीपर्यंत तपासायचे. गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायची नाही, भाजलं तरी समजणार नाही. पहिल्या रात्री मला संकोच वाटला. त्याला अजिबात नाही. तो वर बघत उद्याच्या वाऱ्याबद्दल बोलत होता.

चौथ्या दिवशी ते घडलं. दुपारी तीनच्या सुमाराला एक मोठा नर खिंडीतून उतरून पालोव्हर्डेच्या झाडाआड आला. अंतर अडीचशे मीटर. बंदूक तिवईवर पक्की, पण मधे फांदी. बुवा डोळा लावून थांबला. फोन थरथरला. "उचल," मी पुटपुटलो. त्याने बोट वर केलं: थांब. वीस मिनिटं गेली. पुन्हा थरथर, पुन्हा बोट. एक तास झाला. मेंढा बसून रवंथ करतोय, बुवा पुतळ्यासारखा, आणि मला त्याच्या बायकोचा निघतानाचा चेहरा दिसतोय. मागच्या जखमेपायी तो चार महिने पालथा पडून होता, हे तिनेच मला सांगितलं होतं.

"आत्ता उचल," मी जरा मोठ्याने म्हणालो.

त्याने उचललं. खुर्ची कुरकुरली. मेंढ्याने मान वळवली आणि तीन उड्यांत खिंड गाठली.

रात्री पाय तपासून होईपर्यंत बुवा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही नाही. चूक कुणाची, हे मला आजही ठरवता येत नाही. सकाळी कॉफी देताना तो एवढंच म्हणाला, "अलार्म तुझ्याकडेच राहू दे." आणि पुतण्याकडून खुर्चीच्या प्रत्येक सांध्यात तेल घालून घेतलं.

सहाव्या दिवशी नर दिसला तो चुकीच्या बाजूला. रस्त्यावरून मधला उंचवटा आड येत होता. चाळीस पावलं पुढे गेलं तर नेम मिळणार, आणि ती चाळीस पावलं म्हणजे ओढ्याची वाळू. मी डोलीचं नाव काढलं नाही. बुवा खुर्चीतून खाली उतरला, गादी मला दिली, पाठ डोंगराकडे केली आणि हातांवर बसकण उचलत मागे मागे सरकायला लागला. पाय वाळूत दोन रेघा ओढत येत होते. मी फक्त पुढे जाऊन चोयाचे गोळे कंगव्याने बाजूला करत होतो. बावीस मिनिटं लागली. मधे फोन थरथरला, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. प्रत्येक सरकण्यात तो उचलतच होता की!

मग गादी, मग दगडावर बंदूक. एकच बार. मेंढा दोन पावलं चालला आणि घसाऱ्यावर बसल्यासारखा खाली गेला.

मी आनंदाने ओरडलो नाही. बुवाही नाही. तो बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिला, मग वॉकीटॉकी माझ्या हातात दिला. पुतण्या आणि मी चढलो, बुवा खालून वाट सांगत होता: डावीकडची घळ सोड, त्या सवारो निवडुंगाच्या मागून जा. पोहोचल्यावर म्हणाला, "शिंगावरच्या कड्या मोज." ही शिंगं सांबरासारखी गळत नाहीत, दरवर्षी एक कडी वाढते. मी नऊ मोजल्या. दोन्ही टोकं झिजून बोथट झाली होती. "नऊ," मी सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मांस टाकून यायला इथे कायदा परवानगी देत नाही, आणि बुवा तर नाहीच नाही. दोन खेपा, अंधार, घसारा. दुसऱ्या खेपेत पाठीवर शिंगांसकट डोकं घेऊन उतरताना पाय घसरला आणि मी थेट चोयात बसलो.

रात्री तंबूत बॅटरी लावली तेव्हा पालथा मी होतो. बुवा पक्कड घेऊन बसला होता. मी प्रत्येक काट्याला ओरडत होतो.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"प्रचंड."

"वा," तो म्हणाला आणि पुढचा काटा उपटला.