भरपूर खाऊनही उपाशी

आमचा बंड्या जर्मन शेफर्ड आहे. दोन वर्षांचा होईपर्यंत तो चांगला धष्टपुष्ट होता. पुढे काही महिन्यांतच त्याच्या बरगड्या दिसू लागल्या आणि भूक मात्र दिवसेंदिवस वाढत गेली. भांडे चाटूनपुसून झाल्यावर तो कचऱ्याचा डबा उलथवी, कुंड्यांमधली माती खाई आणि स्वतःची विष्ठाही सोडत नसे. ती विष्ठाही खाल्लेल्या अन्नाच्या मानाने फार जास्त, फिकट पिवळी, तेलकट आणि आंबूस वासाची असे. जंतांचे औषध देऊन झाले, विष्ठेच्या तपासणीत काही सापडले नाही, खाद्य बदलूनही फरक पडला नाही. सोसायटीतल्या लोकांचा समज सरळ होता: आम्ही त्याला पोटभर घालत नाही.

अखेर पशुवैद्यांनी टीएलआय नावाची रक्ततपासणी सुचवली. स्वादुपिंडात बनणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमचा रक्तात उतरणारा अंश तिच्यात मोजतात. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात हे प्रमाण लिटरमागे २.५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आढळले, की स्वादुपिंड पाचक एन्झाइम पुरेशी तयार करत नाही, असे निदान होते. या विकाराला ईपीआय (एक्सोक्राइन पॅन्क्रिएटिक इन्सफिशियन्सी) म्हणतात. जर्मन शेफर्डमध्ये बहुतेक वेळा स्वादुपिंडातील एन्झाइम बनवणाऱ्या पेशी हळूहळू झिजतात, आणि जवळपास ९० टक्के क्षमता जाईपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. पोटात अन्न पडते, पण ते फुटून अंगी लागत नाही. म्हणून कुत्रा भरल्या पोटी उपाशी राहतो, आणि त्याची हावरट वाटणारी वागणूक ही खरोखरची भूक असते.

झिजलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यामुळे उपचार जन्मभराचा असतो: प्रत्येक जेवणात बाहेरून एन्झाइमची पूड मिसळायची. पूड डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. आमच्या घरात अंड्यापलीकडे सामिष काही येत नसल्यामुळे हे कळल्यावर आई थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग तिने बंड्यासाठी एक चमचा, एक वाडगा आणि ओट्याचा एक कोपरा वेगळा काढून दिला. आता ती पूड माझ्यापेक्षा तीच नेटकेपणाने मिसळते. अन्न कोमट असावे लागते, कारण एन्झाइम ही प्रथिने आहेत आणि गरम अन्नात ती निकामी होतात. पूड कोरडी राहून तोंडाला लागली तर हिरड्यांना आणि जिभेला फोड येतात. म्हणून अन्न पाण्याने ओलसर करून पूड प्रत्येक शिताला लागेपर्यंत कालवायची. एवढा वेळ बंड्या शेजारी बसून लाळ गाळत असतो, आणि त्याच्याकडे न पाहता कालवत राहणे हेच या उपचारातले सर्वांत अवघड काम आहे, असे माझे मत आहे.

दुसरी बाब ब जीवनसत्त्वाची. या विकारात बी-१२ फार वेळा कमी पडते, आणि ते भरून निघाल्याशिवाय नुसत्या पुडीने वजन नीट वाढत नाही. बंड्याला सुरुवातीला दर आठवड्याला इंजेक्शन होते, नंतर महिन्याला एक. मधूनच आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो, पोट गुरगुरते आणि विष्ठा पुन्हा सैल होते. अशा वेळी पशुवैद्य ठरवतील ते औषध द्यावे, घरातली माणसांची गोळी देऊ नये.

आहारात चोथा कमी ठेवावा लागतो, कारण जास्त चोथ्याने एन्झाइमच्या कामात अडथळा येतो. आपल्याकडे कुत्र्याला भाकरी-दूध घालण्याची पद्धत आहे. आमच्याकडे बाजरीची भाकरी बंद झाली आणि मऊ भात, उकडलेले अंडे आणि पशुवैद्यांनी सांगितलेले खाद्य, हे दिवसातून तीन वेळा थोडे थोडे सुरू झाले.

खरी कसोटी मात्र स्वयंपाकघराबाहेर लागते. पुडीशिवाय पोटात गेलेला घासही जसाच्या तसा आतड्यात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा परिणाम दिसतो. वॉचमनकाकांचे बिस्कीट, शेजारच्या मुलांनी प्रेमाने दिलेला पोळीचा तुकडा, गणपतीत पाहुण्यांनी पुढे केलेला मोदक, या सगळ्यांना ‘एवढ्याने काय होतंय’ हे एकच उत्तर जोडलेले असते. समजावून सांगण्याचा मला कंटाळा येऊ लागल्यावर मी बंड्याच्या पट्ट्याला ‘मी आजारी आहे, मला खायला देऊ नका’ अशी चिठ्ठी लावली. तिचा उपयोग माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा अधिक झाला.

बंड्याचे वजन २१ किलोवर घसरले होते, ते आता २९ किलो आहे. अंगावरचे केस पुन्हा दाट झाले आहेत. त्याची तब्येत पाहून एका ओळखीच्या गृहस्थांनी मादीसाठी त्याची मागणी घातली. या झिजेत आनुवंशिकतेचा भाग असल्यामुळे मी स्पष्ट नकार दिला आणि गेल्या महिन्यात त्याची नसबंदी करून घेतली.