तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्याचा भाव मी का सांगत नाही

तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता, मी "साधं आहे" एवढंच लिहितो. मग तुम्ही म्हणता, "इतकी वर्षं जमवताय, आकडा सांगायला तुमचं काय जातं?" कुणी हसत विचारतं, कुणी चिडून. परवा मेव्हण्यानंही विचारलं. एकदाच सांगून टाकतो.

आधी सोपं ते. वैष्णोदेवीचं 2012 चं पाच रुपयांचं नाणं चलनासाठीच काढलं होतं. ते लाखात जात नाही, व्हिडिओत कुणी काहीही म्हणो. सालाखाली चांदणी असेल तर हैदराबादची टांकसाळ, ठिपका असेल तर नोएडाची, शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर मुंबईची, काहीच नसेल तर कोलकात्याची. चांदणी म्हणजे दुर्मिळ असा काही नियम नाही. 1985 च्या रुपयावरचा 'एच' बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. परदेशात पाडला म्हणून भाव चढत नाही. चार आणे जून 2011 अखेर चलनातून गेले, पण घरोघरी डबे भरून पडलेत. दहाच्या नाण्याचा मधला गोल ठोकून काढला की 'एरर', म्हणजे टांकसाळीत चुकलेलं नाणं, होत नाही, मोडकं नाणं होतं. आणि 1818 साल घातलेला, रामदरबार असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा कंपनीनं कधी पाडलाच नाही. तांदूळ स्वतःकडे ओढणाऱ्या 'चमत्कारी' नाण्याचा फोन आला तर ठेवून द्या.

एवढं मी कुणालाही सांगतो. भावाचं वेगळं आहे, आणि त्याला नाना कारण आहेत.

नाना आमच्या गल्लीतले, कंडक्टरकी करून निवृत्त झालेले. एका संध्याकाळी रुमालात गुंडाळून रुपया घेऊन आले. सहाव्या जॉर्जचा, 1939 चा. हे साल जाणकारांच्या तोंडाला पाणी सुटावं असंच. 91.7 टक्के चांदीच्या रुपयाचं ते शेवटचं साल. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. 1939 चे रुपये मिळतात अगदी थोडे. नानांना फोनवर कुणीतरी नऊ लाख कबूल केले होते, रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही धाडलं होतं. फक्त आधी 'फाइल चार्ज' भरायचा होता.

मी भिंग लावलं. शेवटचा आकडा मुळात आठ होता. खालच्या गोलाची डावी बाजू कोरून त्याचा नऊ केलेला. तिथे धातू खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या आणि आजूबाजूची जागा किंचित खोल गेली होती. काट्यावर ठेवला, तर वजन बरोबर, 11.66 ग्रॅमला झिजेपुरतं कमी. वाजवला तर आवाज खणखणीत. वाजणारच. नाणं खरं, चांदी खरी. खोटा तेवढा एक आकडा.

"नाना, 1938 चा आहे हा. चांदीचा भाव येईल."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला पाहिजे असेल तर सरळ माग की. असा पाडून कशाला मागतोस?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाहिलंच नाही. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, त्यासाठी आपण शुल्कही घेत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2021 चा इशारा मोबाइलवर काढून दाखवला. "हे तुमच्यासारखेच छापत असतील," म्हणाले आणि रुमालाची घडी घालून उठले. नंतर कळलं, त्यांनी पैसे भरले, मग 'टॅक्स' म्हणून पुन्हा भरले, आणि तो नंबर बंद झाला. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा ठामपणे सांगायचं होतं." अजून किती ठाम?

मला झोंबला तो संशय. पण तो अगदीच हवेतला नव्हता. पूर्वी मी भंगारवाल्याकडून शिवराया, म्हणजे मराठ्यांची तांब्याची नाणी, किलोवर घ्यायचो. बहुतेक झिजलेल्या, उशिराच्या, दुदांडी, म्हणजे दोन रेघांच्या. एकदा त्यात जुनी, जडशी एक निघाली. 'श्री राजा शिव' ठसठशीत, मागे 'छत्रपति' पुरतं. मी किलोचाच भाव दिला होता आणि परत जाऊन सांगितलं नाही. त्यात चोरी कसली? नजर माझी, वेळ माझा, त्यानं भाव स्वतःच्या तोंडानं सांगितलेला. तेव्हा मी असंच म्हणायचो, आजही बहुतेक असंच म्हणेन. फक्त मग नानांचा रुपया खरा 1939 चा निघाला असता तर मी काय बोललो असतो? तेव्हाचा मी म्हणतो, "नाना ओळखीचे, भंगारवाला परका." हे उत्तर मला पटत नाही, आणि दुसरं माझ्याकडे नाही.

म्हणून आकडा नाही. कमी सांगितला तर लाटायला बसलोय, जास्त सांगितला तर "तुम्हीच म्हणाला होतात" म्हणून दारात उभे. शिवाय भाव झिजेवर ठरतो, आणि झीज फोटोत दिसत नाही. चिंच लावून घासलेलं तर फोटोत उलट जास्त चमकतं आणि बाजारात पडतं.

फोटो पाठवत राहा. साधं असेल तर साधं म्हणेन. नसेल तर "विकायच्या आधी दोघा-तिघांना दाखवा" एवढंच लिहीन. त्यावरून काय समजायचं ते समजा.