आखाडातला मोठा कोंबडा

पुण्याजवळच्या मांजरी गावात आमच्या घरामागे गुंठाभर मोकळी जागा आहे आणि गेली सहा वर्षे मी तिथे गावठी कोंबड्या पाळते आहे. सध्या नऊ कोंबड्या, एक कोंबडा आणि माघात निघालेली चौदा पिल्ले असा संसार आहे. त्या पिल्लांपैकी सहा नर आहेत आणि आखाड तोंडावर आल्यामुळे त्यांचा निकाल लावण्याची वेळ आली आहे.

पहिली तीन वर्षे हा निकाल आपोआप लागत असे. श्रावणाआधी पाहुणे जेवायला येणार म्हटल्यावर खुराड्यातला सर्वांत थोराड कोंबडा कापायचा, आणि जो बारका म्हणून उरेल तोच पुढे कोंबड्यांमध्ये फिरायचा. म्हणजे सर्वोत्तम बियाणे दळून खायचे आणि चाळणीखालचे पेरायचे, असा हा उद्योग होता. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे कळायला तीन वर्षे लागावीत, याची अजून लाज वाटते. पहिल्या आखाडात एका कोंबड्यात सहा माणसे जेवली होती. तिसऱ्या आखाडात दोन कापावे लागले. बापाचाच मुलगा पुढे कोंबडा म्हणून राहत असल्याने रक्तही जवळचे झाले होते आणि बारा अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखालून जेमतेम सहा-सात पिल्ले निघू लागली होती.

चौथ्या वर्षी शिरूरकडच्या नात्यातून नवा कोंबडा आणला आणि जुना कापला. चारच दिवसांनी अंडी जमवायला घेतली, हे चुकले. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे टिकते, त्यामुळे एकविसाव्या दिवशी निघालेली पहिली खेप मोठी होता होता बहुतेक जुन्याच कोंबड्याच्या वळणावर गेली. आता कोंबडा बदलला की तीन आठवडे सगळी अंडी स्वयंपाकघरात जातात.

वजन मात्र मी अंदाजाने ठरवत नाही. एकाच खेपेच्या पिल्लांच्या पायात रंगीत कडी घालते आणि सोळा आठवडे पूर्ण झाले की प्रत्येक नराला कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला टांगते. वय सारखे नसेल तर तुलनेला अर्थ राहत नाही, कारण पंधरा दिवस आधी निघालेला कोंबडा नुसत्या वयानेच थोराड दिसतो. वजन पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरते. अंड्यांची संख्या तितकी सहज उतरत नाही. अंड्यांचा गुण कोंबड्याकडूनही येत असल्यामुळे, चांगली अंडी देणाऱ्या कोंबडीचा मुलगा वजनाला थोडा कमी भरला तरी मी त्याला यादीतून काढत नाही.

माद्यांच्या बाबतीत मात्र माझ्या हातून एक चूक झाली, जी विसरता येत नाही. एक काळी कोंबडी महिनाभर अंडे देत नाही असे समजून मी ती कापली. पोट उघडले तर आत पिवळ्या बलकांची ओळ होती, लिंबाएवढ्या गोळ्यापासून मोहरीच्या दाण्यापर्यंत, आणि शेवटी कवच धरलेले एक पूर्ण अंडे. ती शेवग्याखालच्या पालापाचोळ्यात अंडी घालत होती, हे दुसऱ्या दिवशी झाडताना कळले. तेव्हापासून कापण्याआधी शेपटीखालची दोन टोकदार हाडे चाचपते. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटे बसतात, बंद झालेलीच्या जेमतेम एक.

कापण्याचे काम मी स्वतःच करते. आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू, आणि पहाटे अंधारातच पक्षी उचलायचा, म्हणजे तो घाबरत नाही. सुरी धारदार हवी. गळ्याच्या शिरा एकाच फटक्यात कापल्या गेल्या पाहिजेत. रक्त पूर्ण निथळल्यावर साधारण साठ ते पासष्ट अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवला की पिसे मुठीने निघतात. पाणी उकळते असले तर कातडे फाटते. पित्ताची पिशवी फुटली की कलेजी कडू, त्यामुळे तिथे घाई करत नाही. पेठा, म्हणजे दाणे दळणारी पोटातली जाड पिशवी, चिरून आतली पिवळी साल सोलण्याचे काम नवऱ्याकडे आहे, कारण त्याला तोच आवडतो.

यंदा सोळा आठवड्यांना लाल कड्याचा कोंबडा 1 किलो 450 ग्रॅम भरला आणि निळ्या कड्याचा 1 किलो 380. वहीप्रमाणे लालच ठेवायला हवा होता. परंतु दाणे टाकायला गेलेल्या माझ्या मुलीच्या पोटरीवर तो दोनदा झेपावला आहे, आणि हा स्वभावही पिल्लांत उतरतो. निळ्याची आई वर्षात दोनदा खुडूक बसून पिल्ले सांभाळणारी, त्यामुळे निळा राहील. गेल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, आखाडाला हा किडकिडा कापणार होय?" यंदा लाल कोंबडा कापणार असे सांगितल्यावर त्यांनी समाधानाने वाटणाला खोबरे किसायला घेतले. लाल कापण्याचे खरे कारण मात्र मी त्यांना सांगितलेले नाही.