जुनी ओम्नी घेताय? आधी सीट उचला

आज एका ओळखीच्यांसाठी २००८ची मारुती ओम्नी व्हॅन बघायला गेलो. रंग नवा, सीटकव्हर नवं, आणि विकणारा म्हणे "एकदम टकाटक". जुनी ओम्नी बाहेरून बघून काहीच कळत नाही. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तेव्हा सीट उचलायला लावाच.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंय असंच धरा. टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं समजून पहिल्याच आठवड्यात नवा टाकून घ्या, त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट. बेल्ट तुटला की गाडी जागच्या जागी बंद!

मग खाली वाका. सरकत्या दाराची खालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. कोकणातली गाडी असेल तर हमखास टोचा, खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. टोक आत गेलं की व्यवहार तिथेच थांबवा. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला पत्रा पुन्हा पुन्हा खर्च काढतो. गिअर टाकताना खालून "टक्" आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेलाय. ते काम मात्र किरकोळ.

कागदांचा खर्च किमतीतच धरा. १५ वर्षांनंतर आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, २० वर्षांवर १०,०००, ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर) वेगळा. नूतनीकरण फक्त ५ वर्षांचं मिळतं. आरसी संपलेली असेल तर ते काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या, मगच पैसे द्या.