पट्टी उंदीर धरते, मारत नाही

दुपारचं काम आटोपून गाडीत सामान भरत होतो, तेवढ्यात फोन आला. पेस्ट कंट्रोलवाल्याला येणारे फोन बहुतेक एकाच साच्यातले असतात : उंदीर झालेत, कधी येता, किती घेता. हा तसा नव्हता. एक गृहस्थ ऑफिसातून बोलत होते. घरी त्यांची म्हातारी आई एकटी होती. फ्रिजमागे लावलेल्या गोंदपट्टीवर पहाटे उंदीर अडकला होता आणि तो अजून जिवंत होता. आई सारखी फोन करून विचारत होती की याचं मी काय करू, आणि मुलाजवळ उत्तर नव्हतं.

मी विचारलं, "पाकिटावर काही लिहिलंय का?"

"लिहिलंय. कागद सोला, भिंतीलगत ठेवा, उंदीर अडकला की पट्टी टाकून द्या."

जिवंत असला तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि गोंदपट्टीवरचा उंदीर बहुतेक वेळा जिवंतच असतो. पट्टी त्याला नुसता धरून ठेवते. तो मरतो ते थकून, तहानेने, किंवा नाक चिकात रुतलं तर गुदमरून. त्याला कधी काही तास लागतात, कधी दोन दिवसही.

दार आजींनीच उघडलं. "या दादा, आधी ते बघा. मी त्याच्यावर फडकं टाकलंय, पण आवाज थांबत नाही." त्या सकाळपासून स्वयंपाकघरात गेल्या नव्हत्या. चहासुद्धा घेतला नव्हता.

पट्टी फ्रिजमागे राहिली नव्हती. धडपडीत ती हातभर पुढे सरकून ओट्याखाली आली होती. फडकं उचललं. घरात नेहमी दिसतो तो छोटा उंदीर. एका कुशीवर पडलेला, मागचे दोन्ही पाय आणि पोटाची एक बाजू चिकात, हनुवटीही टेकलेली. जरा मागे चिकावर केसांचा एक पुंजका तसाच उभा होता. आधी तिथे अडकला असणार, तिथून ओढून सुटला आणि पुढे पुन्हा रुतला. पुंजका होता तेवढीच जागा त्याच्या मांडीवर उघडी पडली होती, कातडीसकट. एक पाय त्याने चावून घेतलेला. भोवती मूत आणि लेंड्या. छाती इतकी भराभर हलत होती की श्वास मोजता आला नसता.

पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक पालही होती. शेपूट तुटून बाजूला चिकटलेली, पाल जिवंत. चिकावर बारीक किडे बसले होते, ते खायला ती आली असणार. घरोघरी हेच बघतो. पट्टीला उंदीर कळत नाही, तिच्यावर जो पाय पडेल तो तिचा. पाल, बेडूक, चिमणी, सापाचं पिल्लू, घराबाहेर लावली असेल तर खार. अडकलेल्या उंदरावर झेपावून घुबडंही पंखासकट रुततात.

मी खाली बसून नीट पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. उंदराच्या पोटावरचे सड ठळक होते आणि त्यांच्या भोवतीचे केस झडलेले होते. मादी, पिल्लांना पाजणारी. म्हणजे याच घरात, जवळपास, पिल्लं होती.

आजींनी विचारलं, "तेल लावून सोडवलं तर जगेल का हो?"

मी खरं ते सांगितलं. चिकातून सुटेल, पण कातडी गेलीय, पाय गेलाय, जगणार नाही.

"मग?"

"मग ते माझं काम आहे. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा."

पट्टी मागच्या दारी नेली. जाड हातमोजे, तोंडावर मास्क. डोक्याच्या मागच्या भागावर एकच जोरदार घाव, आणि संपलं. हे शिकावं लागतं. हात कचरला तर जनावर अर्धमेलं राहतं आणि त्याचे हाल दुप्पट होतात. मी कित्येक वर्षं उंदीर मारत आलोय, त्यावरच माझं घर चालतं, आणि घरात उंदीर नकोत याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण मारायचं तर झटक्यात, आणि मारायचं काम ज्याला येतं त्याने किंवा ते करायला बनवलेल्या सापळ्याने. पट्टी अर्धंच काम करते. उरलेलं अर्धं, सगळ्यात अवघड, घरात त्या वेळी जो कोणी असेल त्याच्यावर टाकते. त्या दिवशी ते सत्तरी ओलांडलेल्या बाईवर आलं होतं. इतर घरांत शाळेतून आलेल्या मुलांवर आलेलं मी पाहिलंय. माणसं मग सुचेल ते करतात. कोणी बादलीत बुडवतं, कोणी पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाकतं, कोणी नुसतं दार लावून घेतं आणि आवाज थांबायची वाट बघतं. ही माणसं दुष्ट नसतात. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पाल वाचण्यासारखी होती. आजींकडून वाटीत खायचं तेल घेतलं. आधी तिच्या आजूबाजूच्या मोकळ्या चिकावर कागदाचे तुकडे दाबून बसवले, नाहीतर सुटलेला पाय लगेच पुन्हा चिकटतो. मग कानाच्या काडीने एकेका बोटाखाली थेंब थेंब तेल सोडत गेलो, नाकातोंडापासून लांब. ओढायचं अजिबात नाही. तेल चिकात मुरायला दोन-तीन मिनिटं घेतं, मग पाय आपोआप सैल होतो. एकेक करून चारही सुटले. मऊ फडक्याने तेल टिपलं आणि तिला मागच्या भिंतीच्या सावलीत ठेवलं. रॉकेल, पेट्रोल, थिनर असलं काही कधी वापरू नका, त्याने जनावर भाजतं आणि विषबाधेने मरतं. पक्षी असेल तर तेलाचा प्रयोग घरी करूच नका. पिसं तेलकट झाली की त्याला उडता येत नाही आणि अंगाची ऊबही धरता येत नाही. मोकळा चीक कागदाने झाकायचा, पट्टीसकट पक्षी खोक्यात ठेवायचा आणि थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे किंवा पक्षी सोडवणाऱ्यांकडे न्यायचा.

आता पिल्लं. घरातला छोटा उंदीर बिळापासून फार लांब हिंडत नाही, पाच-दहा मीटरच्या आतच त्याचं सगळं जग असतं. बॅटरी घेऊन ओट्याखालच्या कपाटांपाशी आडवा झालो. कपाटाच्या तळाला, जमिनीलगत जी फळी असते, तिचा एक कोपरा कुरतडलेला होता आणि कडेला तेलकट काळा पट्टा. रोज तिथूनच अंग घासत जा-ये चाललेली. फळी काढली. मागे कापूस, पेपर नॅपकिनचे धागे आणि कसल्याशा लोकरीचं घरटं, मुठीएवढं. आत गुलाबी, बिनकेसांची पिल्लं. पोटाच्या पातळ कातडीतून आत साठलेलं दूध पांढरं दिसतं या वयात. त्यांच्या पोटात थोडंच उरलं होतं. आई गेल्यावर ती उपाशी, गार पडून मेली असती आणि आठवडाभराने ओट्याखालून वास सुटला असता. त्यांचंही मीच केलं, तितक्याच झटपट.

आजींनी विचारलं तेव्हा लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. इतकी ओढाताण ती उगीच नव्हती करत."

संध्याकाळी मुलगा घरी आला. समंजस माणूस, पण त्याचा एक मुद्दा पक्का होता. "दर आठवड्याला दोन-तीन तरी अडकतात. म्हणजे पट्ट्या चालतायत की."

हाच गैरसमज मला सगळ्यात जास्त ठिकाणी भेटतो. दर आठवड्याला उंदीर अडकतात याचा अर्थ दर आठवड्याला उंदीर येतायत. मादी साधारण वीस दिवसांत विते, एका वेळी पाच ते आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. वाट उघडी ठेवून पट्टीवर मोजदाद करत बसलं तर ती मोजदाद कधी संपत नाही. शिवाय पट्टीवर चार दिवसांत धूळ बसते, ओल आली की चीक ढिला पडतो, थंडीत तो कडक होतो. मोठा उंदीर तर पट्टी पायाला घेऊन पळतो आणि अडगळीत कुठेतरी मरतो.

मी त्याला सिंकखाली नेलं. पाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे भोवती फट होती. खिशातली पेन्सिल त्यात घातली, ती आरपार गेली. पेन्सिल जाते तिथून छोटा उंदीर जातो, सहा-सात मिलिमीटर त्याला पुरतात. डोकं शिरलं की बाकीचं अंग शिरतं. तो गुडघ्यावर बसून बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तर घर घेतल्यापासून असंच आहे."

ती फट मी स्टीलच्या काथ्याने घट्ट ठासून वरून सिमेंट केलं. नुसता फोम किंवा कापड भरून उपयोग नसतो, उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि तो कुरतडायला कंटाळत नाही. मागच्या दाराखाली बोटभर फट होती, तिथे धातूची पट्टी असलेला ब्रश बसवायला सांगितला. कोरडं धान्य झाकणाच्या डब्यात, कचऱ्याला झाकण, ओट्याखालची अडगळ रिकामी.

आत जे उरले असतील त्यांच्यासाठी चाप लावले, स्प्रिंगचे. एक-दोन लावून भागत नाही. भिंतीलगत, दोन-दोन मीटरवर, चापाचं तोंड भिंतीकडे करून. उंदीर भिंतीला धरून पळतो, म्हणजे तो थेट चापाच्या पट्टीवर येतो. खाण्याऐवजी मी कापसाचा धागा चापाला गुंडाळून बांधला. घरट्यासाठी मादी तो ओढते आणि चाप तत्क्षणी पडतो. जिथे लहान मूल किंवा मांजर असेल तिथे चाप झाकणाच्या खोक्यात ठेवावा लागतो. रोज सकाळी तपासायचा. चापही कधीकधी चुकतो, पंजा धरतो, हे मी लपवत नाही. पण चांगला चाप नीट लावला तर काम क्षणात होतं, आणि आजींना फडकं टाकायची वेळ येत नाही.

स्वच्छतेचं मी आवर्जून सांगतो, कारण इथे माणसांचा जीव गुंतलेला असतो. चिकटलेला घाबरलेला उंदीर तासन्‌तास मुतत राहतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), हंटा विषाणूचा ताप यांसारखे आजार मुतातून, लेंड्यांतून पसरतात, म्हणून अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसीसुद्धा गोंदपट्टी वापरू नका असंच सांगते. सुक्या लेंड्या झाडूने ओढायच्या नाहीत, धूळ उडते आणि ती श्वासात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून सगळं भिजवायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग कागदाने टिपून पिशवी बांधून टाकायचं. हातमोजे काढायच्या आधी तेही त्याच पाण्याने धुवायचे. आजींचं स्वयंपाकघर आम्ही दोघांनी मिळून असं पुसून काढलं, फ्रिजमागून ओट्याखालपर्यंत.

मुलाने शेवटी विचारलं, "इतकं वाईट आहे तर विकतात कसे?" काही देशांनी यावर कायदा केलाय. न्यूझीलंडमध्ये २०१५ पासून सरकारी मंजुरीशिवाय गोंदपट्टी विकता किंवा वापरता येत नाही. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून परवाना असलेल्या व्यावसायिकाशिवाय कोणी लावली तर तो गुन्हा आहे. वेल्सने २०२३ मध्येच पूर्ण बंद केली. माझं स्वतःचं मत याहून सरळ आहे : ज्याला अडकलेलं जनावर लगेच आणि नीट मारता येत नाही, किंवा ज्याला पट्टी दर काही तासांनी तपासता येत नाही, त्याच्या हातात ती पडूच नये. म्हणजे घरात कोणाच्याच नाही.

कपाटात न वापरलेल्या पट्ट्यांचं एक अख्खं पाकीट होतं. ती उघडी टाकली तर कचऱ्यातही पाल-पाखरं अडकतात, म्हणून दोन-दोन पट्ट्या चिकाकडून एकमेकींवर दाबून बंद केल्या आणि टाकल्या.

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा पहिल्या काही रात्रींत चापात दोन उंदीर मिळाले होते, दोन्ही जागच्या जागी मेलेले. नंतर चाप रिकामे राहू लागले. खात्री करायला मी फळीमागे आणि सिंकखाली टाल्कम पावडरचा पातळ थर पसरला आणि तसाच ठेवला. मुलाने रोज सकाळी त्याचा फोटो काढून मला पाठवायचा असं ठरलं. फोटो येत राहिले, पावडर सपाट होती. मागच्या दाराचा ब्रश मात्र त्याने अजून बसवला नव्हता. तेवढ्यासाठी मी आजींना सांगून ठेवलं, आणि त्याच रविवारी तो बसला.